स्टॅकमधल्या स्विचचा नंबर आधी ठरवा, कॉन्फिगरेशन नंतर

सीसीएनए (सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा) करून लोअर परळ, अंधेरी, बीकेसी असं साइटवर फिरायला लागलेल्या नव्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. क्लासमध्ये व्हीएलॅन होतं, राउटिंग होतं, पण स्टॅक, म्हणजे केबलींनी जोडून एकाच स्विचसारखे चालवलेले अनेक नेटवर्क स्विच, बहुधा होत नाही, कारण त्याला खरे स्विच आणि खऱ्या स्टॅक केबली लागतात. मीही स्टॅक पहिल्यांदा पाहिला तो थेट कामावर.

लोअर परळच्या एका ऑफिसात शनिवारी रात्री काम होतं. सिस्कोचे चार नवे कॅटॅलिस्ट ९३००, रॅकमध्ये एकाखाली एक. मागच्या स्टॅक केबली जोडल्या आणि चारही स्विचना एकदम पॉवर दिली. थोड्या वेळाने ‘शो स्विच’ ही कमांड मारली, चारही रेडी. कॉन्फिगरेशन पेस्ट केलं, सेव्ह केलं आणि पहाटे करी रोडहून स्लो लोकल पकडून मी डोंबिवलीला आलो.

सोमवारी तिथल्या आयटीच्या मुलाचा फोन आला, एक डेस्क फोन अडकलाय. मी म्हटलं, २/०/१४ ची, म्हणजे २ नंबरच्या स्विचच्या चौदाव्या पोर्टची पॅच कॉर्ड काढून परत लाव. त्याने वरून दुसऱ्या स्विचची चौदावी कॉर्ड काढली. ती निघाली अकाउंट्सच्या मॅडमची, आणि त्या तेव्हा पगाराची फाइल बँकेच्या साइटवर चढवत होत्या. वरून दुसरा स्विच स्टॅकच्या लेखी ४ नंबरचा होता.

त्या मुलाची काहीच चूक नव्हती. कोरा स्विच येतो तो १ नंबर घेऊनच. सगळे एकदम चालू केले की आधी अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे स्टॅकचा कारभार चालवणारा स्विच कोण हे ठरतं: ज्याची प्रायॉरिटी जास्त तो, आणि प्रायॉरिटी सारखी असेल तर ज्याचा मॅक अ‍ॅड्रेस (कारखान्यातून मिळालेला पत्ता) लहान तो. त्याच्याकडे १ राहतो, बाकीच्यांना उरलेले नंबर मिळतात. रॅकमध्ये कोण वर आणि कोण खाली, हे स्टॅकला कळायला मार्गच नाही.

आता मी वरचा स्विच एकटा चालू करतो, तो पूर्ण उभा राहीपर्यंत थांबतो, मग दुसरा, मग तिसरा. कोरे असतील तर ओळीने १, २, ३, ४ नंबर पडतात. लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला किंवा दुसऱ्या ब्रँचमधून आलेला जुना स्विच असेल, तर त्याला एकट्याला कन्सोल (लॅपटॉपची थेट केबल) लावून नंबर तपासाच. कॉन्फिगरेशन पुसलं तरी नंबर पुसला जात नाही. बदलायचा तर ‘स्विच ३ रीनंबर २’, आणि त्यानंतर त्या स्विचला रीलोड. रीलोडशिवाय नवा नंबर लागत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. पोर्टची सेटिंग त्या लोखंडी डब्याला चिकटलेली नसते, नंबराला चिकटलेली असते. २/०/१४ मधला पहिला आकडा म्हणजे स्विचचा नंबर. चालू स्विचचा नंबर ३ वरून २ केला, तर ३ ची सेटिंग ३ पाशीच राहते आणि २ साठी काही लिहिलेलं नसेल तर सगळे पोर्ट कोरे होतात. म्हणून नंबर आधी.

प्रायॉरिटी आणि नंबर यांची गल्लत नवी मुलं हमखास करतात. प्रायॉरिटी १ ते १५ असते, न सांगता १. मी वरच्याला १५ आणि दुसऱ्याला १४ देतो, म्हणजे पहिला गेला तर कारभार कोणाकडे जाणार हे मला माहीत असतं. दिल्यादिल्या काही बदलत नाही, पुढच्या निवडीच्या वेळी ती लागू होते.

चालू स्टॅकमध्ये नवा स्विच घालताना त्याची पॉवर बंदच हवी. चालू स्थितीत केबल जोडली तर ते दोन स्टॅक एकत्र आल्यासारखं होतं, निवड पुन्हा होते आणि हरलेली बाजू रीलोड होते. ती बाजू तुमच्या ग्राहकाची असू शकते.

आमचा तो स्टॅक पुढच्या शनिवारी सरळ केला. एकेक स्विच सोडवून, कन्सोल लावून नंबर दिले, आणि प्रत्येकाच्या पुढच्या पट्टीवर मोठ्या आकड्याचं लेबल लावलं. निघण्याआधी आयटीच्या मुलाला रॅकसमोर उभं करून म्हटलं, २/०/१४ वर बोट ठेव. त्याने लेबल वाचलं आणि बरोबर त्याच कॉर्डवर बोट ठेवलं.