पहिल्या फोनवर पैसे मागू नका

परदेशात स्थायिक झालेल्या आपल्या माणसांना मायदेशातल्या कामाशी जोडून देणं, हे काम मी चौदा वर्षं करते आहे. सुरुवातीच्या दोन वर्षांत मी जवळजवळ प्रत्येकाकडे देणगी मागितली. बऱ्याच जणांनी दिली, आणि नंतर माझे फोन उचलणं बंद केलं. तेव्हापासून पहिल्या फोनवर पैशाचा विषय काढायचा नाही, हा माझा नियम आहे. तुम्ही हे काम हाती घेणार असाल तर तुम्हीही तो पाळा.

मग पहिल्या फोनवर काय विचारायचं? ‘तुम्ही काय मदत करू शकाल?’ असंही विचारू नका. समोरचा माणूस संकोचतो किंवा भलतंच मोठं आश्वासन देऊन बसतो. त्यापेक्षा ‘परवा मंगळवारी ऑफिसात दिवसभर काय केलंत?’ असं विचारा. एका बाईंच्या नावापुढे माझ्या यादीत नुसतं ‘आयटी’ लिहिलेलं होतं. मंगळवारचं विचारल्यावर कळलं, की एका मोठ्या रुग्णालयात कोणती खाट कधी रिकामी होणार, याचं वेळापत्रक त्या लावतात. आमच्याकडे त्याच माहितीअभावी रुग्ण तासन्‌तास ताटकळत होते. यादीत हुद्दा लिहू नका, हातातलं काम लिहा. सोबत आठवड्यातले मोकळे तास आणि तिकडची वेळ.

आता मुख्य भाग. द्यायचं काम एका पानात मावलं पाहिजे. पाणीपुरवठ्यातले एक जाणकार अभियंता आम्हाला भेटले होते. मी त्यांना लिहिलं, ‘मायदेशाच्या पाणीप्रश्नावर आपलं मार्गदर्शन हवं.’ उत्तर आलं नाही. सात महिन्यांनी त्यांना एकच पान पाठवलं. त्यावर एका पंपाच्या तीस दिवसांच्या नोंदी, दाब कधी पडतो त्याचा तक्ता आणि खाली प्रश्न : ‘गळती कुठे शोधावी?’ वीस मिनिटांत उत्तर आलं, सोबत तीन उलट प्रश्न. ते गृहस्थ आज चार पाणी योजनांच्या नोंदी दर महिन्याला तपासतात. त्या पानावर पाच गोष्टी हव्यातच : काम काय, किती तासांचं, कधीपर्यंत, इथे उत्तर देणारा माणूस कोण, आणि काम फसलं तर पुढे काय. चौथी सगळ्यात महत्त्वाची. इथला माणूस आठवडाभर गप्प राहिला की तिकडचा निघून जातो.

मोठ्या पातळीवरही हेच दिसतं. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने 1977 मध्ये तुर्कस्तानपासून ‘टोकटेन’ योजना सुरू केली. परदेशी गेलेल्या तज्ज्ञांनी थोड्या मुदतीसाठी मायदेशी यायचं, ठरलेलं काम करायचं. पगार नाही, प्रवास आणि राहण्याचा खर्च तेवढा मिळणार. काम नेमकं असलं की लोक पगाराविनाही येतात. तैवानने 1980 मध्ये शिन्चू इथे विज्ञान उद्यान उभारलं, तेव्हा अमेरिकेतले आपले अभियंते परत यावेत म्हणून त्यांच्या मुलांसाठी दोन भाषांत शिकवणारी शाळाही काढली. परत येणाऱ्याची खरी अडचण कुणीतरी त्याला बसवून विचारली असणार, असं मला ही गोष्ट वाचताना नेहमी वाटतं.

काम कुणी मागितलं, हे मात्र आधी तपासा. मला आजही टोचणारी गोष्ट सांगते. तिकडच्या मंडळींनी मोठ्या मायेने वर्गणी काढून डायलिसिसचं यंत्र पाठवलं. ते चालवायला शुद्ध केलेलं पाणी भरपूर लागतं, आणि त्या रुग्णालयात ती सोयच नव्हती. यंत्र अकरा महिने खोक्यात राहिलं. तिथल्या परिचारिकेला कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. आता इथल्या माणसांची सही असलेली मागणी आल्याशिवाय मी तिकडे काहीच कळवत नाही.

या बाबतीत मेक्सिकोची ‘एकास तीन’ योजना अभ्यासण्यासारखी आहे. साकातेकास राज्यात सुरू झालेली ही पद्धत 2002 मध्ये देशभर लागू झाली. अमेरिकेतल्या स्थलांतरितांच्या मंडळाने एक डॉलर घातला की केंद्र, राज्य आणि नगरपालिका प्रत्येकी एक घालत. त्यातून रस्ते, वीज, पिण्याच्या पाण्याची कामं झाली. चौघांचे पैसे अडकले की चौघांचं लक्ष राहतं. तुमचं काम लहान असलं तरी इथल्यांचा वाटा ठेवाच, श्रमाचा का होईना.

पैशाची वेळ येतेच. तेव्हा हे ध्यानात ठेवा, की तो माणूस घरी आधीच पैसे पाठवतो आहे. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत 2023 मध्ये असे सुमारे 656 अब्ज डॉलर आले, असा जागतिक बँकेचा अंदाज आहे. ते आईच्या औषधांचे, भावाच्या फीचे पैसे. त्यांवर डोळा ठेवू नका. गुंतवणुकीचं आवाहन करायचं तर आधी भरवसा लागतो. इस्रायल 1951 पासून परदेशातल्या ज्यूंना रोखे, म्हणजे मुदतीनंतर परत करायच्या कर्जाचे कागद, विकतो आहे. भारताने अणुचाचण्यांनंतर, 1998 मध्ये, स्टेट बँकेमार्फत परदेशस्थ भारतीयांकडून चार अब्ज डॉलरहून अधिक उभे केले. इथिओपियाच्या वीज कंपनीच्या रोख्यांना मात्र काही वर्षांनी फारच थोडा प्रतिसाद मिळाला. देशावर माया असूनही पैसे परत मिळण्याची खात्री वाटली नाही, तर लोक हात आखडता घेतात. दोन्ही देशांचे देणगीचे आणि कराचे नियम पहिला पैसा घेण्याआधीच जाणकाराकडून तपासून घ्या.

तिकडे जन्मलेल्या मुलांशी बोलताना त्यांच्या भाषेची परीक्षा घेऊ नका. मोडकं बोलतात म्हणून आपण हसतो, आणि ती पुन्हा तोंड उघडत नाहीत. त्यांना त्यांच्याच वयाचा इथला एक जोडीदार द्या आणि दोघांना मिळून एक काम.

काम संपलं की तीस दिवसांच्या आत पत्र गेलं पाहिजे. त्यात खर्चाची पावती, एक फोटो आणि काय जमलं नाही ते सरळ शब्दांत. त्या डायलिसिस यंत्राबद्दल मी उशिरा का होईना, सगळं लिहून कळवलं. देणाऱ्यांपैकी दोघांनी पाणी शुद्ध करण्याच्या संयंत्राची चौकशी स्वतःहून सुरू केली. पुढचं काम त्याच पत्राच्या शेवटी मागू नका. त्यासाठी वेगळं पत्र लिहा, महिन्याभराने.