उताऱ्यात आहे म्हणून मुद्दा तोच असं नाही

राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या पहिल्या वर्षी सीसॅटच्या (आकलन आणि तर्कक्षमता तपासणारा दुसरा पेपर) उताऱ्यांत माझे सर्वात जास्त गुण 'उताऱ्याचा मध्यवर्ती विचार कोणता?' किंवा 'समर्पक शीर्षक कोणते?' अशा प्रश्नांनी खाल्ले. इंग्रजी कच्चं आहे अशी मी समजूत घालून घेतली होती. घरी पेपर पुन्हा सोडवला तेव्हा मराठीतल्या उताऱ्यांतही तेवढ्याच चुका निघाल्या.

सरावासाठी नंतर मी छोटे उतारे स्वतःच जुळवू लागलो. त्यातला हा एक:

'ठिबक सिंचनाने उसाला एकरी पाणी कमी लागते. मजुरीही वाचते. मात्र वाचलेले पाणी विहिरीत राहत नाही. त्याच पाण्यावर शेतकरी आणखी दोन एकर ऊस लावतो आणि भूजलाची पातळी होती तिथेच राहते.'

पर्याय: १) ठिबकमुळे पाणी व मजुरी वाचते. २) दुष्काळी भागात ऊस बंद करावा. ३) नुसत्या तंत्राने भूजल वाचत नाही, वाचलेले पाणी कुठे जाते यावर ते ठरते. ४) सर्व आधुनिक तंत्रे निरुपयोगी आहेत.

हा उतारा मी रूमवरच्या मित्राला दिला. शेतकरी घरातला पोरगा, त्याने लगेच २ वर बोट ठेवलं. त्याचं म्हणणं चूक नव्हतं, पण ते लेखकाचं नव्हतं. उताऱ्यात बंदीचा शब्दही नाही. मी स्वतः असतो तर १ वर गेलो असतो, कारण ते वाक्य उताऱ्यात जवळजवळ तसंच आहे. सगळ्यात घातक पर्याय हाच. तो खरा असतो, पण लेखक तिथे थांबलेला नसतो. 'मात्र'च्या पुढे तो जे म्हणतो, त्यासाठीच आधीची दोन वाक्यं आली आहेत, म्हणून उत्तर ३. ४ मधला 'सर्व' तर लांबूनच खटकायला हवा.

म्हणून पर्याय वाचण्याआधी, 'हा माणूस मला काय पटवायला बसलाय?' याचं उत्तर मनात एका वाक्यात धरा. 'पण', 'तरीही', 'मात्र', 'खरे तर' या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढा. मराठी अनुवाद अडखळत असेल आणि शेजारी इंग्रजी मजकूर असेल, तर तेवढं एक वाक्य तिथे पाहून घ्या. मला याचा फार फायदा झाला.

सीसॅट आता फक्त पात्रतेपुरता आहे, २०० गुणांपैकी ३३ टक्के लागतात. म्हणून मुलं उतारे शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. कृपा करून तसं करू नका. ८० प्रश्नांत मोठा वाटा उताऱ्यांचाच असतो, आणि ही सवय आठवड्यात लागत नाही.

चुकलेल्या प्रश्नाशेजारी वहीत कारण लिहा: 'तुकडा' (वरच्या १ सारखं, उताऱ्यातला फक्त एक भाग), 'माझं मत' (२ सारखं) की 'अतिरेक' (४ सारखं). माझ्या वहीत पानंच्या पानं 'तुकडा' निघाला. मग मी प्रत्येक उत्तर ठरवण्याआधी शेवटची दोन वाक्यं पुन्हा वाचायला लागलो.