समुद्रातील काँक्रीटवर वाढणारे जीव: या विषयावर काम सुरू करणाऱ्यांसाठी

स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी सागरी काँक्रीट हा विषय निवडणारे विद्यार्थी मला बहुधा एकच प्रश्न विचारतात: जेट्टीच्या खांबांवर वाढणारे बार्नॅकल (खडकाला चिकटून राहणारे लहान कवचधारी जीव) आणि कालवे (ऑयस्टर) काँक्रीटला राखतात की खातात? या स्वरूपात या प्रश्नाला उत्तर नाही. जीव कोणता, तो कशाने चिकटला आहे आणि खांबाच्या कोणत्या उंचीवर आहे, हे आधी ठरवावे लागते.

चिकटण्याची रीत मी सर्वांत आधी पाहतो. कालव आपली एक शिंप पृष्ठभागावर जवळजवळ लिंपून टाकते, आणि बार्नॅकलच्या अनेक जातींचा तळ चुनखडीचा असून तो प्रथिनयुक्त चिकट द्रव्याने काँक्रीटला घट्ट बसतो. असा दाट थर छिद्रांची तोंडे बुजवतो आणि सळयांना गंजवणाऱ्या क्लोराइडची वाट काही प्रमाणात अडवतो. मात्र काही बार्नॅकलांचा तळ पातळ पडद्यासारखा असतो, त्यामुळे दोन्हींना एकाच नोंदीत घालू नये. शिणाण्यांची (मसल जातीच्या शिंपल्यांची) गोष्ट वेगळी आहे. ती धाग्यांनी लोंबकळतात, त्यांच्या घोसाखाली गाळ आणि कुजणारे अवशेष साचतात, तेथे प्राणवायू संपतो आणि जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करू लागतात. वरून दोन्ही खांब सारखेच माखलेले दिसतात, पण काँक्रीटलगतचे रसायन अगदी निराळे असते.

त्यानंतर उंचीचा विचार येतो. काँक्रीट बांधकामासाठीच्या भारतीय मानक ४५६ (२०००) मध्ये पूर्ण बुडालेले काँक्रीट, तुषार झेलणारे काँक्रीट आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील काँक्रीट यांना चढत्या तीव्रतेचे वर्ग दिले असून सळयांवरचे किमान कव्हर, म्हणजे सळई झाकणाऱ्या काँक्रीटची जाडी, अनुक्रमे ४५, ५० आणि ७५ मिलिमीटर सांगितले आहे. जिवांचा दाट थर असतो तो पाण्याखाली आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्याच्या खालच्या भागात. सतत बुडालेल्या भागात क्लोराइड भरपूर असले तरी प्राणवायू कमी पोहोचत असल्याने गंजण्याची गती मुळातच मंद असते, तर क्लोराइड आणि प्राणवायू दोन्ही मुबलक मिळणारा तुषारांचा पट्टा बहुतेक उघडाच राहतो. म्हणजे जैविक आवरणाची गरज जेथे सर्वांत जास्त, तेथे ते नसते. म्हणून त्याच्या भरवशावर कव्हर कमी करण्याचा प्रस्ताव मला मान्य नाही. मुंबईत उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील फरक चार मीटरच्या वर जातो, गोव्यात तो साधारण दोन मीटरच राहतो, त्यामुळे एका बंदरातील पट्ट्यांची उंची दुसऱ्या बंदराला लावता येत नाही. कालवे काढणाऱ्या बायकांना खडकावरची ही उंची नेमकी ठाऊक असते. त्यांना विचारण्यात संकोच करू नये.

पोखरणारे जीव हा स्वतंत्र विषय आहे. काही शिंपले आणि स्पंज चुनखडी विरघळवून आत शिरतात, त्यामुळे चुनखडीची खडी वापरलेले काँक्रीट त्यांना अधिक बळी पडते. महाराष्ट्रात खडी बहुतांशी काळ्या पाषाणाची असल्याने हा धोका कमी आहे, तरी सिमेंटचा गारा शाबूत राहीलच असे गृहीत धरू नये.

प्रयोगाची आखणी हा खरा कठीण भाग. नव्या काँक्रीटच्या छिद्रांतील पाण्याचा सामू १२.५ च्या वर असतो आणि समुद्राचा ८ च्या जरासा वर. पृष्ठभागावरचा अल्क धुऊन जाऊन जिवाणूंचा पातळ थर बसेपर्यंत मोठ्या जिवांची वस्ती नीट होत नाही, म्हणून सुरुवातीच्या काळातील नोंदींवरून निष्कर्ष काढू नयेत. गोव्यातील मांडवी-जुवारीसारख्या खाड्यांत पावसाळ्यात क्षारता एकदम घसरते आणि जुनी वस्ती बरीचशी मरते, त्यामुळे प्रयोगाचे काँक्रीटचे ठोकळे समुद्रात केव्हा बुडवले यावर निकाल पुष्कळ अवलंबून असतो. तुलनेसाठी काही ठोकळे जीवमुक्त ठेवावे लागतात, आणि तेथेच घोटाळा होतो: खरवडल्यास पृष्ठभाग सोलला जातो, जाळी लावल्यास पाण्याचा प्रवाह व उजेड बदलतो. मी दोन्ही प्रकारचे ठोकळे ठेवतो आणि जाळी अर्धवट लावलेला तिसरा गटही ठेवतो, म्हणजे जाळीचा स्वतःचा परिणाम वेगळा काढता येतो.

क्लोराइड मोजण्यासाठी काँक्रीटची खोलीनुसार भुकटी काढताना शिंपेचा तळ आधी पूर्ण घासून काढावा आणि खोली मूळ काँक्रीटच्या पृष्ठभागापासून मोजावी, कारण शिंपेची जाडी त्यात मिसळली तर क्लोराइड प्रत्यक्षापेक्षा खोल गेल्याचे दिसते. फोडलेल्या तुकड्यावर सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण फवारल्यास क्लोराइड पोहोचलेला भाग पांढरट होतो. ही खूण झटपट अंदाजासाठी चांगली, पण अनुमापनाला (प्रयोगशाळेतील रासायनिक मोजणीला) पर्याय नव्हे.

उभ्या बांधकामाची पाहणी करताना जिवांचा थर भेगा झाकतो आणि खांबाचा व्यास व खडबडीतपणा वाढवून लाटांचा भारही वाढवतो. तरीही संपूर्ण खांब साफ करवून घेण्याचा आग्रह मी धरत नाही. ठरावीक उंचीवरच्या निवडक पट्ट्या स्वच्छ करून तपासाव्यात, त्यांचे स्थान नकाशावर नोंदवावे आणि पुढच्या पाहणीत त्याच पट्ट्या पुन्हा पाहाव्यात.