पेटंट वाचायचंय? मग थेट क्लेम्सवर जा

अमुक कंपनीने साध्या गोष्टीचं पेटंट घेतलं असं ऐकलं की आपण लगेच चिडतो, मूळ कागद मात्र कोणी उघडत नाही. गूगल पेटंट्सवर फुकट दिसतो. सॉफ्टवेअर पेटंट मलाही पटत नाहीत, पण शिव्या घालायच्या तर वाचून घालू ना.

टायटल आणि सारांशावरून मत बनवू नका, ते मुद्दाम मोघम लिहितात असं माझं तरी मत झालंय. क्लेम्स शोधा, म्हणजे नेमक्या कशावर हक्क सांगितलाय ते लिहिलेली नंबर घातलेली वाक्यं, हक्क तिथेच ठरतो. पहिल्या क्लेमचे तुकडे पाडा, म्हणजे समजा लिहिलंय पेनाचं टोपण, त्याला क्लिप, वर भोक आणि आत रबरी रिंग, तर हे सगळं ज्यात आहे तेच टोपण अडकतं, रिंग नसेल तर बहुतेक सुटलं (बहुतेक, कारण कोर्ट कधीकधी "जवळपास तसंच" पण धरतं).

मग तारीख. पेटंट चालतं अर्जापासून साधारण 20 वर्षं, तेही फी भरत राहिले तर, आणि त्या त्या देशापुरतंच. हां, पेटंटच्या नंबरच्या शेवटचं अक्षर बघा, हल्लीच्या अमेरिकन पेटंटमध्ये ए म्हणजे नुसता अर्ज, बी म्हणजे मंजूर.