स्वस्त विमानात काका-काकूंना शेजारी कसं बसवायचं

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून पुण्या-बंगळुरूला लेकाकडे निघालेल्या आमच्या गल्लीतल्या काका-काकूंची तिकिटं मीच काढून देतो. सगळ्यांची काळजी एकच: जागा जवळ मिळेल ना?

आधी सगळ्यांचं तिकीट एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर काढा. १२ वर्षांपर्यंतचा नातू सोबत असेल तर हे टाळूच नका. अशा मुलाला त्याच पीएनआरवरच्या निदान एका पालकाजवळ जागा द्यावी, असे निर्देश डीजीसीए या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामक संस्थेने २०२४ मध्ये दिले आहेत.

वेब चेक-इन करताना, म्हणजे घरूनच ऑनलाइन चेक-इन करताना, बहुतेक खुर्च्यांवर किंमत दिसते. घाबरू नका. काहीच न निवडता पुढे गेलात तर कंपनी फुकट जागा देते, फक्त कुठली ते आपल्या हाती नसतं. धडधाकट एकट्या माणसाने पैसे वाचवावेत. गुडघे दुखणाऱ्या काकूंसाठी मात्र कडेची, म्हणजे चालायच्या वाटेलगतची खुर्ची विकतच घ्या; एअरबस ए३२० जातीच्या विमानात ती सी किंवा डी अक्षराची.

‘जो आधी येईल तो बसेल’ ही एसटीसारखी पद्धत आपल्याकडे एअर डेक्कन या स्वस्त विमान कंपनीने चालवली होती. अमेरिकेच्या साउथवेस्ट विमान कंपनीनेही ती जानेवारी २०२६ मध्ये सोडली. मला हे बरंच वाटतं. ज्यांना धावता येत नाही, त्यांचे त्या पद्धतीत फार हाल व्हायचे.

तरीही जागा लांब पडल्याच, तर काउंटरवर लवकर जाऊन विचारा. विमानात अदलाबदल करायची असेल तर कडेच्या बदल्यात कडेचीच द्या; मधली कोणी घेत नाही.