रिकव्हरीवाल्याचा फोन यायच्या आधी काय काय तयार ठेवायचं

सगळ्यात आधी एक वही घ्या. साधी, शाळेतली. मोबाईलमध्ये नोंदी ठेवू म्हणाल तर नको, कारण ज्या फोनवर दिवसभर धमक्या येतायत तो फोन हातात घ्यायचीच भीती वाटायला लागते, हे मी मावसभावाच्या वेळी बघितलंय. नोकरी गेली, क्रेडिट कार्ड थकलं, आणि मग दिवसाला पंधरा-वीस कॉल, दर वेळी वेगळा नंबर. मी विचारलं कोण बोललं, काय बोललं, कधी बोललं, तर म्हणे "अरे तोच तो, कोर्टवाला." कोर्टवाला वगैरे कोणी नव्हताच, तो कॉल सेंटरमधला पोरगा होता, पण नोंदच नाही म्हटल्यावर तक्रारीत लिहिणार काय? तेव्हा वहीत तारीख, वेळ, नंबर, सांगितलेलं नाव, एजन्सीचं नाव, आणि तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, शिवी दिली असेल तर शिवीसकट. फोनमध्ये कॉल रेकॉर्डिंग चालू करून ठेवा आणि सुरुवातीलाच "कॉल रेकॉर्ड होतोय" असं सांगून टाका, निम्म्या जणांची भाषा तिथंच सुधारते.

दुसरं, स्वतःचा हिशोब. हे कंटाळवाणं आहे पण समोरचा पहिलं खोटं बहुतेक वेळा आकड्यातच बोलतो. सँक्शन लेटर (कर्ज मंजुरीचं पत्र), लोन अकाउंट नंबर, शेवटचा हप्ता कधी गेला, मुद्दल किती, व्याज किती, पेनल्टी किती, हे बँकेच्या स्टेटमेंटवरून काढून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. लोन घेताना कोरे चेक दिले असतील तर त्यांचे नंबरही लिहा, ते का ते पुढे येईल. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण क्रेडिट रिपोर्ट फुकट द्यायचा असतो, तो काढा. त्यात तुमच्या नावावर नक्की किती लोन आहेत आणि कुणाची आहेत ते दिसतं. कधी कधी ज्या लोनसाठी फोन येतोय ते आपलं नसतंच, नंबर आधी दुसऱ्या कुणाचा होता म्हणून कॉल येत असतात. तसं असेल तर "तो मी नव्हे" एवढं एकदा लेखी कळवायचं आणि आपला पत्ता-जन्मतारीख-पॅन काही म्हणजे काही सांगायचं नाही.

तिसरं, फोनशेजारी एक चिठ्ठी चिकटवा, त्यावर तीनच प्रश्न: तुम्ही कुठल्या बँकेकडून, तुमच्या एजन्सीचं नाव काय, आणि तुमचं ऑथरायझेशन लेटर (बँकेने वसुलीला नेमल्याचं पत्र) मला ईमेल कराल का. बँकेने वसुलीला कुठली एजन्सी नेमलीय ते कर्जदाराला कळवायचं असतं, घरी येणाऱ्या एजंटकडे बँकेचं पत्र आणि ओळखपत्र असायला पाहिजे, हे रिझर्व्ह बँकेने २००८ पासून सांगितलंय. ॲपवरून घेतलेल्या लोनमध्ये तर एजंटने संपर्क करायच्या आधी त्याची माहिती एसएमएस किंवा ईमेलवर यायला हवी. आणि वेळ. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या सर्क्युलरने घातलेल्या नियमाप्रमाणे थकबाकीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कॉल करायचा नाही, धमकी नाही, चारचौघात अपमान नाही, नातेवाईक-मित्रांच्या खासगी आयुष्यात घुसायचं नाही. बचत गटवाल्या, म्हणजे मायक्रोफायनान्सच्या कर्जाला वेळ आणखी कमी, नऊ ते सहा. त्यामुळे सातनंतर आलेल्या कॉलची नोंद करताना वेळ अगदी मिनिटासकट लिहा, तक्रारीत ती ओळ फार कामाला येते कारण त्यावर बँकेला वाद घालता येत नाही.

आता खोटं कसं बोलतात ते. भावाला व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ आलं होतं, वर अशोकस्तंभ, खाली गोल लाल शिक्का, मथळा "गिरफ्तारी वॉरंट पूर्व सूचना", कलम ४२०, आणि आज संध्याकाळी पाचपर्यंत पैसे भरा नाहीतर पोलीस घरी. बिचारा घामाघूम. मी ते मोठं करून बघितलं तर शिक्क्यात "न्यायालय" हा शब्दच चुकीचा, कोर्टाचं नाव नाही, न्यायाधीशाचं नाव नाही, केस नंबर नाही, आणि पैसे भरायला खाली कुणाचा तरी मोबाईल नंबर. कोर्ट कधी मोबाईल नंबरवर पैसे मागतं का? खरी केस असेल तर तिला सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर असतो आणि तो ई-कोर्ट्सच्या साईटवर किंवा ॲपवर टाकला की केस दिसते, दोन मिनिटांचं काम आहे, तेव्हा कुणी "केस झालीय" म्हणाला की लगेच सीएनआर मागा. ४२० चं पण सांगतो, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात फसवणुकीचं कलम ३१८ आहे. जुन्या घटनांना जुनी कलमं लागतात हे खरं, पण परवा थकलेल्या हप्त्याला कुणी ४२० लावत असेल तर त्याने पीडीएफ दोन-तीन वर्षं बदललेलंच नाही एवढं समजायचं.

मुळात हप्ता थकणं हा दिवाणी मामला आहे, नुसते पैसे नाहीत म्हणून पोलीस उचलून नेत नाहीत. घेतानाच खोटी कागदपत्रं दिली असतील तर ती गोष्ट वेगळी. लोक अदालतीच्या नोटीसचा पण बागुलबुवा करतात, "लोक अदालतीत हजर नाही राहिलात तर अटक". तिथे दोन्ही बाजूंच्या संमतीनेच तडजोड होते, तुम्ही गेला नाहीत म्हणून तुमच्याविरुद्ध निकाल लागत नाही. उलट नोटीस खरी असेल तर जाऊन या, कधी कधी बरी सूट मिळते.

पण पण पण. "काय होत नाय, दुर्लक्ष कर" असं सांगणारे मित्रही तेवढेच घातक, कारण काही कागद खरे असतात आणि ते कचऱ्यात टाकले की महाग पडतात. म्हणून एक फाईल करा आणि त्यात खऱ्या कागदांसाठी वेगळा कप्पा ठेवा. चेक बाऊन्स झाला असेल तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १३८ खरोखर फौजदारी आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला पंधरा दिवस असतात, चेकचे नंबर लिहायला सांगितले ते यासाठीच. खात्यातून आपोआप कटणारा हप्ता बाऊन्स झाला तरी २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टम्स ॲक्टमध्ये तशीच तरतूद आहे. आर्बिट्रेशनची (कोर्टाबाहेर लवादापुढे वाद नेल्याची) नोटीस आली तर उत्तर द्याच, नाहीतर तुमच्या मागे एकतर्फी अवॉर्ड, म्हणजे लवादाचा निकाल, होतो आणि तो कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच वसूल करता येतो. होम लोनवाल्यांना सरफेसी कायद्याखाली (थकलं की गहाण घर बँकेला ताब्यात घेता येतं तो कायदा) कलम १३(२) ची साठ दिवसांची नोटीस येते, तिला हरकत लेखी पाठवायची असते. यातलं काहीही आलं तर पाकीट फेकू नका, त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्याची तारीख लागते. आणि वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, हेल्पलाईन १५१००, बायकांना तर उत्पन्न कितीही असलं तरी मोफत.

एक सापळा फार गोड बोलून लावतात. खूप जुनं कर्ज असतं, तीन वर्षं उलटत आलेली किंवा उलटून गेलेली, आणि फोनवर कुणी म्हणतं "सर फक्त पाचशे टाका, फाईल होल्डवर ठेवतो". साध्या कर्जासाठी कोर्टात जायची मुदत लिमिटेशन ॲक्टप्रमाणे तीन वर्षांची. मुदत संपायच्या आत तुम्ही थोडे पैसे भरलेत किंवा "हो, देणं आहे" असं सही करून दिलंत की ती तीन वर्षं नव्याने मोजायला सुरू होतात. मुदत संपल्यावर सही करून "फेडतो" असं लिहून दिलंत तरी काँट्रॅक्ट ॲक्टप्रमाणे ते वचन अंगाशी येऊ शकतं. घर गहाण असेल तर हिशोब वेगळा, तिथे बारा वर्षं. मी काही देणं बुडवा म्हणत नाहीये, घेतलंय तर फेडायचंच, पण कधी, किती आणि कुणाला हे आपण शांत डोक्याने ठरवायचं, फोनवरच्या घाईत नाही. म्हणून वहीत शेवटच्या पेमेंटची तारीख ठळक करून ठेवा.

घरच्यांची पण तयारी करावी लागते, हे सगळ्यात अवघड कारण त्यासाठी आधी घरी सांगावं लागतं. आई-बाबांना, बायकोला, ऑफिसमधल्या एका तरी माणसाला सांगून टाका की असे फोन येतील. एजंटची सगळी ताकद "तुझ्या सासऱ्यांना फोन लावू का" यातच असते, सासऱ्यांना आधीच माहीत असेल तर पुढे बोलणार काय! मावशीने तर एकाला विचारलं, "बाळ, तुझ्या साहेबांचा नंबर दे, मी बोलते त्यांच्याशी", त्याने फोनच ठेवला. लोन घेताना रेफरन्स म्हणून ज्याचा नंबर दिला तो जामीनदार नसतो, त्याच्याकडे पैसे मागायचा काही संबंध नाही. सही केलेला जामीनदार मात्र कर्जदाराइतकाच बांधलेला, त्याला गाफील ठेवू नका. कर्ज घेणारा वारला असेल तर वारसांची जबाबदारी वारशात जेवढं मिळालं तेवढ्यापुरतीच, स्वतःच्या पगारातून भरा म्हणणारा खोटं बोलतोय.

लोन ॲपचं प्रकरण थोडक्यात. ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट, गॅलरी, कॉल लॉग बघायची परवानगी नाही, पैसेही बँकेच्या किंवा एनबीएफसीच्या (बँक नसलेल्या पण कर्ज देणाऱ्या कंपनीच्या) खात्यातूनच यायला-जायला हवेत. नियमात असलेल्या ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या साईटवर आहे, आपलं ॲप त्यात आहे का बघा. फोटो मॉर्फ करून, म्हणजे त्यात घाण फेरफार करून, पाठवायची धमकी आली तर एक रुपया देऊ नका, एकदा दिलं की मागणी वाढतच जाते. स्क्रीनशॉट, नंबर, यूपीआय आयडी घेऊन १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन आणि सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार, ॲपला दिलेल्या परमिशन नंतर बंद करा, पुरावे आधी घ्या.

पैसे द्यायची वेळ आली की आणखी सावध. एजंटच्या स्वतःच्या यूपीआयवर कधीच नाही, बँकेच्या लोन अकाउंटमध्येच. सेटलमेंट, म्हणजे कमी रकमेत मिटवायची तडजोड, ठरली तर आधी बँकेच्या लेटरहेडवर किंवा अधिकृत ईमेलवर पत्र, त्यात लोन नंबर, रक्कम, तारीख आणि "यानंतर काही बाकी नाही" हे वाक्य, मग पैसे. "आधी भरा, लेटर दोन दिवसात येईल" याला सरळ नाही म्हणा. सेटल केलं की क्रेडिट रिपोर्टमध्ये "सेटल्ड" लागतं, "क्लोज्ड" नाही, आणि पुढचं लोन घेताना ते नडतं, हे एजंट सांगत नाही म्हणून मी सांगतोय.

तक्रारीचा मसुदा आत्ताच लिहून ठेवा, चिडलेलो असताना चार ओळी धड लिहिता येत नाहीत. वर लोन नंबर, मग वहीतल्या तीन-चार नोंदी जशाच्या तशा, मग मागणी: एजन्सीचं पत्र द्या, तुमच्याकडचं कॉल रेकॉर्डिंग द्या, यापुढे लेखीच बोला. बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करायचा, तक्रारीचा निकाल लागेपर्यंत बँकेने केस एजन्सीकडे पाठवायची नाही असंही रिझर्व्ह बँकेने २००८ च्या सर्क्युलरमध्येच सांगितलंय, तेही लिहा. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, सीएमएस या तिच्या तक्रारीच्या पोर्टलवर, फुकट, माहितीसाठी १४४४८. मारायची धमकी, घरात घुसणं, पोलीस असल्याचं सोंग, यासाठी लोकपालाची वाट बघायची नाही, सरळ पोलीस ठाणं, न्याय संहितेत धमकीचं कलम ३५१ आणि लोकसेवक असल्याचं सोंग घेण्याचं २०४. खासगी सावकार असेल तर लायसन्स बघायला मागा, महाराष्ट्रात त्यासाठी २०१४ चा सावकारी कायदा आहे, तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे.

भावाने ते तीन प्रश्न विचारले तेव्हा समोरचा म्हणाला "ईमेल आयडी सांगा, दहा मिनिटात पाठवतो". मेल आला नाही. त्या नंबरवरून परत फोनही आला नाही. बँकेला लिहिल्यावर मात्र हिशोब आला आणि एजंट सांगत होता त्यापेक्षा रक्कम बरीच कमी निघाली. हप्ते बांधून घेतले, फिटलं. आता नो ड्यूज सर्टिफिकेटचा (काही देणं बाकी नसल्याच्या दाखल्याचा) फोटो त्याच्या फोनमध्ये वेगळा ठेवलाय, कारण मिटलेल्या लोनची यादी दुसऱ्या एजन्सीकडे गेली की वर्षभराने पण फोन येतात, परवाच एक आला होता.