नागपूरहून बीअर ट्रिपला निघताय? या चुका टाळा

थंडी पडली की मला फोन सुरू होतात. "भाऊ, पुण्याच्या ब्रुअऱ्या करायच्या आहेत, तीन दिवसांत किती होतील?" ब्रुअऱ्या म्हणजे बीअर बनवून तिथेच पाजणाऱ्या जागा. किती होतील ते नंतर पाहू. आधी मला सांगा, रात्री झोपणार कुठे आणि गाडी कोण चालवणार? या दोन प्रश्नांची उत्तरं न ठरवता निघालेल्या ट्रिपांचं काय होतं ते मी जवळून पाहिलंय. दरवर्षी तेच सांगून थकलो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

वर्धा जिल्हा विसरणं

ही खास आपली, नागपूरकरांची चूक. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे आणि नागपुरातून दक्षिणेला किंवा पश्चिमेला निघालं की बहुतेक वेळा वर्धा लागतोच. हैदराबादचा रस्ता धरा, बुटीबोरी मागे पडली की जाम, हिंगणघाट, वडनेर. अमरावतीचा धरा, कोंढाळीनंतर कारंजा घाडगे आणि तळेगाव. समृद्धीनं गेलात तरी तेच. भंडारा रोडनं किंवा छिंदवाड्याकडे निघालात तर हा जिल्हा वाटेत येत नाही. नकाशात रस्ता निळा दिसतो, जिल्ह्याची हद्द दिसत नाही, आणि तिथेच लोक फसतात.

चार वर्षांपूर्वी आम्ही चौघं हैदराबादहून परतत होतो. निघताना आमच्यातल्या एकानं ब्रुअरीतून दोन ग्राउलर भरून घेतले. ग्राउलर म्हणजे ताजी बीअर भरून देतात ती जाड काचेची, तपकिरी, दोन लिटरची बाटली. ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून त्यानं त्या डिक्कीत स्टेपनीजवळ ठेवल्या आणि आम्हाला सांगितलंच नाही. मला कळलं आदिलाबादला, चहाला थांबलो तेव्हा. मी म्हटलं, इथेच कोणाला तरी देऊन टाक. तो म्हणाला, "अबे, कोण पाहून राहिलं?"

पैनगंगेचा पूल ओलांडून महाराष्ट्रात शिरलो आणि थोड्याच अंतरावर तपासणी लागली. डिक्की उघडली, दुपट्टा बाजूला झाला. दुसऱ्या राज्यातली दारू विनापरवाना इकडे आणणं हाच मुळात गुन्हा, पुढे वर्ध्याची हद्द ती वेगळीच. पंचनामा, फोटो, सह्या, सगळ्यांचे आधार कार्ड. साडेतीन तास रस्त्याच्या कडेला गेले. दारूबंदी कायद्यात गाडीसुद्धा जप्त होऊ शकते हे मला त्या दिवशी तिथे उभं राहून कळलं. गाडी माझ्या वडिलांच्या नावावर होती. ती सुटली, पण मित्रावर केस झाली आणि पुढचं वर्षभर तो सुट्ट्या टाकून तारखांना जात होता.

आणि ती बीअर घरी पोचली असती तरी पिण्यासारखी राहिलीच नसती. मायक्रोब्रुअरीची, म्हणजे अशा छोट्या ब्रुअरीची, बीअर पाश्चराइज (टिकावी म्हणून गरम) केलेली नसते. तिला सतत थंडावा लागतो आणि एक-दोन दिवसांत ती संपवावी लागते. एप्रिलच्या उन्हात डिक्कीत आठ तास राहिली की तिचा फेस बसतो आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. तेव्हापासून माझा नियम एकच: जी बीअर जिथे बनते ती तिथेच प्यायची, घरी थेंबही आणायचा नाही. निघण्याआधी डिक्की मी स्वतः रिकामी करून पाहतो. कोणाला राग आला तर येऊ दे.

गडचिरोलीतही १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपूरची २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठली, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नका. दारू पिण्याचं परमिट काढून ठेवा; महाराष्ट्रात बीअरसाठी वय २१ पूर्ण लागतं.

"दोनच घेतल्या, चालवतो मी"

या वाक्याची मला भीती वाटते. कायद्यात मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची आहे. पहिल्यांदा सापडलात तर १०,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दंडाचं सोडा, हिशेब करून बघा. अर्ध्या लिटरच्या, ५ टक्क्यांच्या ग्लासात साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं. ते जिरवायला शरीराला ढोबळमानानं दोन तास लागतात. चार ग्लास पिऊन रात्री बाराला टेबलावरून उठलात, तर पहाटे पाचला स्टिअरिंगवर बसताना दारू अंगात असू शकते. झोप झाली, तोंड धुतलं, चहा घेतला, यानं रक्तातली दारू लवकर उतरत नाही. छोट्या ब्रुअऱ्यांच्या क्राफ्ट बीअरमध्ये ७-८ टक्क्यांच्याही असतात, त्यांचा हिशेब आणखी लांबतो.

म्हणून मी ट्रिप आखतो ती झोपण्याच्या जागेवरून. आधी हॉटेल, ब्रुअरीपासून चालत जाता येईल असं, मग बाकी सगळं. पुण्याला जायचं तर पहिला दिवस फक्त गाडी: समृद्धीनं छत्रपती संभाजीनगर, मुक्काम, एक थेंबही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पुणे, गाडी पार्किंगला, किल्ली बॅगेच्या तळाशी. नंतर रिक्षा. परतायच्या आदल्या संध्याकाळी चालवणारा लिंबू सोडाच पितो, आणि तो कोण हे नागपुरातच ठरलेलं असतं. तिथे जाऊन चिठ्ठ्या टाकणाऱ्यांसोबत मी जात नाही.

समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, बुलेटवाल्यांनी दुसरा रस्ता बघावा. १२० ची मर्यादा आहे म्हणून सलग १२० नं हाणू नका. सरळ काँक्रीटच्या रस्त्यावर डोळे उघडे राहून मेंदू झोपतो. टायर जुने असतील तर आधी बदला.

दिवसाला पाच ठिकाणं

देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअऱ्यांपैकी एक, डूलॅली, २००९ मध्ये पुण्यातच सुरू झाली. तिथली माणसं हे काम मनापासून करतात. अशा जागी वीस मिनिटं बसून, फोटो काढून पुढच्या ठिकाणी पळणाऱ्यांनी घरीच बसावं. मी दिवसाला दोन जागा ठरवतो, एक दुपारी, एक संध्याकाळी. आधी सॅम्पलर मागवतो, छोट्या ग्लासांचा. गव्हाची बीअर आधी, मग फिकट रंगाची पेल एल, मग कडू आयपीए, गडद काळी स्टाउट शेवटी. उलट क्रमानं गेलात तर गव्हाच्या बीअरमधला केळ्याचा, लवंगेचा वास लागतच नाही.

फोन न करता जाणं

एल प्रकारची बीअर तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, थंडाव्यात हळू आंबणाऱ्या लागरला त्याहून जास्त. रविवारी रात्री टाकी संपली की संपली. सकाळी फोन करून "आज टॅपवर काय काय आहे" एवढं विचारा.

ड्राय डेचंही तसंच. २ ऑक्टोबर सगळ्यांना आठवतो, आषाढी एकादशी आणि ३० जानेवारी आठवत नाही. निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास बंद, मोजणीच्या दिवशीही बंद.

सावजीवर आयपीए

आपल्याला वाटतं, तिखटावर थंडगार बीअर म्हणजे स्वर्ग. लागर किंवा गव्हाच्या बीअरबद्दल ते बरोबर आहे. पण आयपीएतला हॉप्स या फुलांचा कडूपणा तिखट आणखी भडकवतो. बाहेरचे पाहुणे आले की लोक हौसेनं सावजी मटण मागवतात आणि शेजारी सगळ्यात कडू बीअर ठेवतात. पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी, नाक वाहतंय, आणि ना रश्श्यातली खसखस कळली ना बीअर. सावजी दुपारी जेवा, भाकरीसोबत, पाणी पिऊन. संध्याकाळी बीअरशेजारी खारे दाणे पुरतात.